आईंच्या आवाजामागची खरखर

आमच्या ह्यांचा कान फार वाईट. वाईट म्हणजे फार चांगला, आणि त्याच्यापायी मी आयुष्यभर वैतागले. लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात ह्यांनी फ्रिज ओढून बाहेर काढला. का, तर तो गुणगुणतो. मला काही ऐकू येत नव्हतं. फ्रिज आहे, गुणगुणेल नाहीतर काय करेल बिचारा, असं मी म्हटलं. "त्याच्या एका पायाचा रबर झिजलाय," हे म्हणाले, आणि खरंच झिजला होता. मग पंख्याचा नंबर लागला, मग भिंतीवरच्या घड्याळाचा, मग माझ्या सपातांचा. सपातांवर मात्र मी सांगून टाकलं, की यापुढे एक शब्द काढलात तर लाकडी पायतणं घालून घरभर फिरेन. तेव्हा गप्प बसले.

ऑफिसातले लोक ह्यांना कानसेन म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ह्यांना ते आवडतं. कंपनी लहानशी आहे, इमारतींच्या दारावर लावायचे इंटरकॉम बनवते. खाली कुणीतरी बटण दाबायचं, "मी आलोय" म्हणायचं, वरून आपण दार उघडायचं, ते यंत्र. त्याच्या पोटात एक चिप असते, तिला कोडेक म्हणतात. माणसाच्या आवाजाचे आकडे करायचे आणि पलीकडे त्या आकड्यांचा परत आवाज करायचा, एवढंच तिचं काम. पण ते होताना आवाजाच्या मागे खरखर येते, कधी घूं, कधी सूं, आणि ती नेमकी कुठून येते ते शोधून काढायचं हे आमच्या ह्यांचं काम. दिवसभर कानाला हेडफोन लावून, हातात बारीक टोकाची पिन धरून बोर्डावर वाकून बसायचं. बाकीचे लोक खरखर कमी झाली की थांबतात. हे थांबत नाहीत. ह्यांचे साहेब एकदा मला म्हणाले, "वहिनी, दारावरच्या इंटरकॉमला एवढी शांतता कुणाला लागत नाही हो. खाली रस्त्यावर ट्रक उभा असतो." मी म्हटलं, तुमच्याकडे ते आठच तास असतात, बाकीचे सगळे माझ्याकडे. साहेब हसले आणि विषय बदलला.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, याच्या अगदी उलट. त्यांनी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, तारा खोचून फोन जोडून द्यायचे त्या काळात. तेव्हाच्या लायनींवर इतकी खरखर असायची, की कित्येकदा इकडच्या माणसाचं बोलणं तिकडच्याला आईच मधे बसून सांगायच्या. कुणाला मुलगा झाला, कुणाचा बाप गेला, कुणी कुणाला सोडून निघालं, सगळं त्यांच्या कानातून येऊन त्यांच्या तोंडून पुढे गेलेलं. त्यामुळे त्यांचा आवाज कमावलेला होता. जिन्यात शेजारणीशी बोलल्या तरी मला आत शेगडीपाशी शब्दन्‌शब्द कळायचा. आणि तोंडाचा पट्टा काय विचारता. मी त्यांच्याशी वीस गोष्टींवरून भांडले असेन, पण त्या गप्प आहेत म्हणून कधी भांडायची वेळ आली नाही.

आधी त्यांचे हात गेले. बोटांतून कप निसटायला लागला, मग बटणं लागेनात, मग पेन धरता येईना. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून आम्हाला समोर बसवलं आणि काही आडपडदा न ठेवता सांगितलं. नसा सुकत चालल्यात. हाताच्या झाल्या, आता गळ्याच्या होतील. डोकं, डोळे, कान शेवटपर्यंत शाबूत राहतील. ह्यांनी विचारलं, आवाज किती दिवस टिकेल. त्या म्हणाल्या, "ते कुणी सांगू शकत नाही. जेवढा आहे तेवढा वापरून घ्या." आई शेजारीच बसल्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "चला, आता तरी माझं मधे न बोलता ऐकाल." आम्ही दोघंही हसलो, आणि हे रिक्षा बघायला पुढे गेले.

हात असते तर लिहून दाखवलं असतं. हातच नव्हते, म्हणून तो आवाज तेवढा उरला होता, आणि तो रोज थोडा थोडा आत चालला होता. आधी जिन्यातून येईनासा झाला, मग खोलीबाहेर येईनासा झाला. थोरल्या नणंदेचा, ताईंचा, दर रविवारी सकाळी लांबून फोन यायचा. तोही आईंना नकोसा व्हायला लागला, कारण पलीकडून ताई सारख्या "काय? काय म्हणालीस?" विचारायच्या आणि आईंना एकच वाक्य चारदा म्हणून धाप लागायची.

ताईंनीच मग ते यंत्र पाठवलं. शाळेतल्या मास्तरांसाठी मिळतं ते: कमरेला बांधायचा एक डबा आणि तोंडाशी वाकवलेल्या काडीवर माईक. मी ते आईंना बांधलं आणि बटण दाबलं. आधी नुसता खर्रर्र आवाज आला, नळाला पाणी यायच्या आधी येतो तसा. मग त्याच्यातून आई आल्या. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारख्या, पण आल्या. "अगंबाई, मी अजून आहे की," त्या म्हणाल्या. त्यानंतर ती अख्खी दुपार त्यांनी मला कामाला हात लावू दिला नाही. मावशीच्या लग्नात रुसलेली माणसं, एक्स्चेंजमधली ती तिरळी सुपरवायझर, सगळं काढून झालं. मग मला म्हणाल्या, मला खिडकीपाशी ने. खाली कुणीतरी दुसऱ्याच्या दारात गाडी लावत होता. "अहो, टोपीवाले. ते दार तुमच्या वडिलांचं आहे का?" आईंनी वरून विचारलं. तो माणूस चारी दिशांना बघायला लागला, वर बघायचं काही त्याला सुचेना. आई इतक्या हसल्या, की मला त्यांच्या तोंडाला रुमाल लावावा लागला.

संध्याकाळी हे आले. दारातच थांबले, एका पायात बूट तसाच. "हे काय आहे?" म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या मातोश्री आहेत, ओळखलं नाही का. तर ह्यांचं तोंड उतरलेलं. "यात आवाजापेक्षा नॉइज जास्त आहे. हा आईचा आवाजच नाही." आई म्हणाल्या, "अरे, मग कुणाचा आहे?" पण ह्यांना थट्टा कळायची ती वेळ नव्हती. यंत्र आईंच्या कमरेचं सोडलं आणि म्हणाले, जरा उघडून बघतो, थोडं सुधारता येईल.

सकाळी मी बघते तर टेबलावर त्या डब्याची आतडी काढून ठेवलेली. आतला माल हलका होता म्हणे. त्यातला एक भाग मोजायला म्हणून ह्यांनी उपटला, तो उपटताना जळला. मी म्हटलं, जाऊ दे, दुसरा मागवा. तर नाही. "पंधरा दिवसांत मी चांगला बनवून देतो. ऑफिसातला कोडेक आहे, बोर्ड आहे, माईक आहे. आईला असल्या डब्यातून बोलायला लावायचं नाही." मी म्हटलं, पण त्या खूश होत्या. "तिला अजून चांगलं माहीत नाही म्हणून," हे म्हणाले. मी खरं म्हणजे तिथेच हट्ट धरून बसले असते, पण ह्यांचा चेहरा बघून माझं तोंड उघडेना. आईचा तो जुना आवाज ह्यांना परत हवा होता, तोच आणि तसाच.

ह्यांनी आईंच्या खोलीतच टेबल मांडलं. एका बाजूला पलंग, त्यावर उशांना टेकून आई. दुसऱ्या बाजूला दिवा, डाग द्यायचं सोल्डरिंगचं पेन, तारांचा गुंता आणि हे. ऑफिसातून आले की हातपाय धुवायचे आणि बसायचं. आईंच्या गळ्यापाशी माईक अडकवायचा आणि म्हणायचं, "बोल आई."

"काय बोलू?"

"काहीही. एक, दोन, तीन म्हण."

आई म्हणायच्या, एक, दोन, तीन. हे डोळे मिटून ऐकायचे. "परत." एक, दोन, तीन. "आता गप्प बस. एकदम गप्प." मग आई गप्प बसायच्या आणि हे आईंच्या गप्प बसण्यातली खरखर ऐकत राहायचे. मला बघवत नसे. डॉक्टरीणबाईंनी आवाज वापरून घ्या म्हटलं होतं, ते बाराखडी गिरवायला नव्हे. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, "मोजल्याशिवाय कमी कसा करणार?" ह्यांचं बरोबर असायचं, हीच तर पंचाईत.

पहिला आवाज घूं असा होता. तो भिंतीतल्या विजेतून येत होता. बॅटरीवर लावल्याबरोबर गेला. मी हेडफोन कानाला लावून बघितला, मला तर एकदम छान वाटलं. आई म्हणाल्या, "झालं की रे मग, दे इकडे." हे म्हणाले, "आता त्याच्या खालचा ऐकू येतोय." त्या घूंच्या खाली एक कीं होता, बारीक, डासासारखा. बॅटरीचा दाब वाढवून देणारा जो भाग असतो तो सतत चालू-बंद होतो, त्याचा तो. त्याला गाठायला बरेच दिवस गेले. तो भाग काढून दुसरा शांत भाग बसवला. मग कळलं, की टक्‌ टक्‌ असं काहीतरी येतंय. ते बोर्डावरच्या लुकलुकणाऱ्या दिव्याचं निघालं. दिवाच उपटून टाकला. मग सूं राहिला.

इतकं सगळं होताना रोज एक वेगळीच गोष्ट चालली होती, आणि ती टेबलावर बसून दिसत नव्हती. मला दिसत होती. जेवढी मागची खरखर कमी व्हायची, तेवढाच आईंचा आवाजही खाली गेलेला असायचा. ह्यांच्या मोजणीत त्या दोहोंमधलं अंतर तिथल्या तिथेच. हे चिडायचे, अजून कमी केलं पाहिजे म्हणायचे, आणि परत वाकायचे. एका संध्याकाळी आई माझा हात हनुवटीने ढोसून म्हणाल्या, "त्याला सांग, खरखर राहू दे. आमच्या वेळी काय कमी होती का? लोक बोलायचेच." मी ह्यांना तसंच्या तसं सांगितलं. हे ऐकून आईंपाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "आई, थोडंच राहिलंय गं." आई म्हणाल्या, "माझं पण." हे उठून टेबलापाशी गेले. मला वाटतं ह्यांनी ते ऐकलं होतं.

ह्यांच्या ऑफिसातले एक दाढीवाले आहेत, सॉफ्टवेअरचं बघतात. स्वभावाने फार बरा माणूस. ते एकदा घरी आले आणि म्हणाले, एवढं कशाला खणत बसलायस, मी तुला एक दार घालून देतो. आवाज आला की दार उघडेल, आवाज थांबला की बंद, म्हणजे मधे खरखर ऐकूच येणार नाही. तासाभरात त्यांनी ते करून दिलं. आईंना माईक लावला. आई म्हणाल्या, "मला तहान लागलीये." स्पीकरमधून आलं, "तहा". बस्स. आईंचा आवाज इतका बारीक झाला होता, की त्या दाराला तो आवाज वाटतच नव्हता, खरखरच वाटत होती. दाढीवाल्यांनी दाराची मर्यादा खाली आणली, तशी आई आणि खरखर दोघी एकदम आत आल्या. वर नेली, तशा दोघीही बाहेर. दाढीवाले मला म्हणाले, "वहिनी, सॉरी हो." मी त्यांना चहा दिला. हे भिंतीकडे बघत उभे होते. त्या दिवशी ह्यांना पहिल्यांदा नीट कळलं असावं, की वेळ किती थोडा आहे.

म्हणून मी म्हणते, तेव्हा तरी शहाण्या माणसाने आहे तसं यंत्र बांधून द्यायला हवं होतं. पण वेळ थोडा आहे म्हटल्यावर हे आणखीच खनपटीला बसले. त्या सूंचं मूळ शेवटी सापडलं, आणि ते ह्यांच्याच हातचं निघालं. बोर्डावर सगळ्या विजेला परत जायला एक जमीन लागते, ग्राउंड म्हणतात तिला. ह्यांनी हुशारी करून तिचे दोन तुकडे पाडले होते, एक आवाजाचा, एक आकड्यांचा, म्हणजे एकाची घाण दुसऱ्यात जायला नको. आणि मग त्या दोन तुकड्यांमधल्या फटीवरून स्वतःच तांब्याची एक रेघ ओढली होती. तेवढ्या एका रेघेवरून सगळी घाण इकडून तिकडे चालली होती. "मीच," हे म्हणाले, "मीच ओढली ती." असं म्हणून चक्क हसले. आता हे दुरुस्त करायचं तर बोर्डच नवा करून मागवायला हवा, आणि तो बाहेरच्या कारखान्यात होतो. माझा संयम सुटला. "म्हणजे तोवर काहीच नाही? ना तो डबा, ना हे?" मी आईंसमोरच ओरडले. "माणूस बोलायचं थांबेल आणि तुमचं कमी करणं चालूच राहील." हे परत बोर्डावर वाकले. आईंनीच माझ्याकडे बघून मान हलवली, पुरे म्हणून.

बोर्ड यायला वेळ लागला. मधे सुट्ट्या आल्या, मग कारखान्याने एकदा चुकीचाच पाठवला. त्या दिवसांत आईंचं बोलणं म्हणजे ओठांना कान लावायचा आणि श्वास धरायचा. पाणी, कूस, पडदा, एवढं मला कळायचं. लांबलचक काही सांगायला लागल्या की दोन शब्दांनंतर हवाच यायची. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, एवढं मला कळत होतं. मी एकदा अंदाजाने विचारत गेले, ताईंचं? घराचं? माझं काही चुकलं? प्रत्येक वेळी मान नाही म्हणून हलली. शेवटी दमून त्यांनी डोळे मिटले. मी ह्यांना सांगितलं, आईंना काहीतरी बोलायचंय, मला अर्थ लागत नाहीये. हे म्हणाले, "मशीन झालं की बोलेल. आता ती ओठांतल्या ओठांत बोलली तरी उचलेल ते." आणि माझाही विश्वास बसला. माणूस इतका जीव तोडून करतोय म्हटल्यावर बसतोच.

नवा बोर्ड आला. हे ऑफिसला दांडी मारून घरीच बसले. पार्ट बसवले, माईकला वीज देणाऱ्या जागी काहीतरी वाढवलं, चिपच्या आधी किती वाढवायचं आणि चिपच्या नंतर किती, ते बदललं. या वेळी आईंना मोजायला लावलं नाही. त्यांना त्रास नको म्हणून स्वतःच माईकमध्ये पुटपुटत राहिले. आणि शनिवारी संध्याकाळी मला हाक मारली. हेडफोन माझ्या कानाला लावला. मला वाटलं, बंद आहे. "बंद नाही," हे म्हणाले, आणि माईकपासून हातभर लांब दोन बोटं एकमेकांवर घासली. इतकं स्पष्ट ऐकू आलं, की माझ्या अंगावर काटा आला. मागे काही नाही, घूं नाही, कीं नाही, सूं नाही. नुसती दोन बोटं. ह्यांचे डोळे भरून आले होते. एवढ्या वर्षांत मी ह्यांना असं कधी बघितलं नव्हतं. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला, खरंच सांगते.

मी म्हटलं, लावा आत्ता आईंना. पण त्या दिवशी दुपारी जेवताना आईंना जोराचा ठसका लागला होता, जीव घाबरा झाला होता, आणि आता कुठे त्यांचा डोळा लागला होता. "उद्या ताईचा फोन आहे," हे म्हणाले. "उद्या फोनलाच जोडतो. तिघांना एकदमच ऐकू येईल." मीही म्हटलं, बरं.

सकाळी आईंना नीट बसवलं, केस विंचरले. ह्यांनी माईक ओठांपाशी आणून लावला, तार फोनला जोडली, एक स्पीकर आमच्यासाठी टेबलावर ठेवला. आईंना समजावून सांगितलं, की जोर लावायचा नाही, नुसतं म्हण, बाकीचं ते करेल. आईंनी डोळ्यांनी हो म्हटलं. मग स्पीकरमधला स्वतःचाच आवाज ऐकून त्या अडखळू नयेत, म्हणून ह्यांनी त्यांच्या कानांत कापसाचे बोळे घालून वर आपला हेडफोन चढवला. फोन वाजला. ह्यांनी घेतला आणि म्हणाले, "ताई, काही बोलू नको. फक्त ऐक." आणि आईंकडे बघून मान हलवली.

आई बोलायला लागल्या. ओठ हलले, चांगले हलले. मला ओळखीचं होतं ते, त्या काही सांगायला लागल्या की आधी भुवया वर जायच्या, तशा गेल्या. स्पीकर गप्प होता.

"हॅलो?" ताई म्हणाल्या. "अरे, कट झाला का फोन?"

"नाही, नाही, थांब," हे म्हणाले. तारेचं टोक काढून परत खोचलं. आई बोलतच होत्या. स्पीकरमधून काही नाही. ह्यांनी बटण थोडं फिरवलं. मग आणखी. मग पार शेवटपर्यंत फिरवलं, तेव्हा तळातून एक आवाज आला. ससस, मग थांबला. परत ससस.

"आता काहीतरी खरखर येतेय बघ," ताई म्हणाल्या.

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "ही कुठून आली?" असं म्हणून हे बोर्डावर वाकले. एक बोट चिपवर ठेवून बघितलं, मग माईकच्या तारेवर. दुसऱ्या हाताने टेबलावरची ती बारीक टोकाची पिन उचलली. "थांब ताई, एक मिनिट. नॉइज आहे, आत्ता काढतो." आणि खरखर जिथून येत होती तो भाग दाबून टाकायला दुसऱ्या बटणाकडे हात नेला.

मी ह्यांचं मनगट धरलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा जोरात धरलं असणार, कारण पिन खाली पडली. "अहो," मी म्हटलं, "तो आईंचा श्वास आहे."

हे तसेच वाकलेले राहिले. स्पीकरमधून ससस येत होता, जात होता, अगदी स्वच्छ, मागे काही नाही. श्वास नाकातून कुठे शिरतो आणि घशात कुठे अडतो तेसुद्धा ऐकू येत होतं. पलीकडे ताई रडायला लागल्या, तेही तितकंच स्वच्छ आलं. आई थांबल्या नव्हत्या. माझ्याकडे, मग ह्यांच्याकडे बघत ओठ हलवत होत्या, आणि त्यांना वाटत होतं, की आम्हाला ऐकू येतंय. ह्यांनीच तसं सांगितलं होतं ना. ताईंनी विचारलं, "काय म्हणतेय आई? सांगा ना कुणीतरी." हे आईंपाशी गुडघे टेकून बसले आणि ओठांना कान लावला. एवढा मोठा कान ह्यांचा. बराच वेळ तसेच बसले. मग आईंना दिसणार नाही अशी माझ्याकडे वळून नाही म्हणून मान हलवली, पण ती फोनमध्ये कशी दिसणार, म्हणून मलाच सांगावं लागलं, की ताई, कळत नाहीये.

आईंचं बोलून झालं. त्या दमल्या होत्या, पण चेहऱ्यावर समाधान होतं, एकदाचं सांगून टाकल्यासारखं. ह्यांच्याकडे बघून त्यांनी भुवई उडवली, ऐकलंस ना, अशी. ह्यांनी मान हलवली, हो म्हणून.

त्यानंतर आई सात-आठ महिने होत्या. डोळ्यांनी हो-नाही सांगायच्या, पण ती गोष्ट त्यांनी परत काढली नाही, कारण त्यांच्या लेखी ती आम्हाला सांगून झाली होती. आणि ह्यांनी हो म्हटल्यावर आम्हालाही ती परत विचारता आली नाही.